लाल सुतात बांधलेली घंटा

मित्रांनो, माझा आवाज कसा आहे हे सुरतेच्या गोडादऱ्यात आता फारसे कुणाला आठवत नाही, म्हणून आधी मीच सांगते. तो भरदार होता आणि लांबवर जायचा. एक टोला दिला की खालच्या पिठाच्या गिरणीतली माणसे हातातली पाटी तशीच धरून वर बघायची. स्वतःची स्तुती स्वतःच करते आहे, पण करायला दुसरे कुणी उरलेले नाही. मी एक जुनी पितळी घंटा आहे, नारळाएवढी, खालच्या कडेला एक छोटा टवका उडालेली. सुरतेतल्या गुरुवार मंडळाची मी घंटा.

माझा जन्म देवळासाठी झाला नाही आणि शाळेसाठीही नाही. उधन्याच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांत काम करणारी पंधरा-वीस खान्देशी माणसे तापीच्या मोठ्या पुरात एकत्र आली होती. कुणाच्या खोलीत पाणी, कुणाच्या खोलीत चूल चालू, असे करत त्यांनी चार दिवस अख्ख्या गल्लीला जेवू घातले. पूर ओसरला, पण यांची सवय गेली नाही. कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असे, म्हणून दर गुरुवारी सकाळी दहा वाजता बसायचे ठरले. बन्सीलालची पिठाची गिरणी होती, तिच्यावरची खोली त्याने दिली. गावाकडून आलेल्या पेशंटला दवाखान्यात न्यायचे, गुजरातीतले फॉर्म भरून द्यायचे, उन्हाळ्यात बसथांब्यावर पाण्याचे माठ भरायचे, कुणी एकटा वारला तर त्याला त्याच्या गावी पोचवायचे, अशी कामे ही माणसे वाटून घेत.

अडचण एकच होती. लूमच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम करणारी ही माणसे साधे बोलायची तेही ओरडून. सगळे एकदम ओरडू लागले की सभा आहे की भांडण, हे खालच्या गिऱ्हाइकांना कळत नसे. तेव्हा रामदासने घंटेची कल्पना काढली. रामदास म्हणजे लूमवरचा जुना कारागीर, तेव्हा चाळिशीतला, कमी बोलणारा, लांब बोटांचा. त्याने प्रत्येकाला आपापल्या मागाचा एक झिजलेला पितळी बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचे कडे, मालकाकडून मागून आणायला सांगितले. धुडकू ओताऱ्याने ते सगळे तुकडे एकत्र वितळवले आणि मातीच्या साच्यात ओतले. ज्या मागांनी या माणसांचे कान खाल्ले त्यांच्याच पितळेची मी झाले. तेव्हा हे माझ्या लक्षात आले नव्हते.

मंडळाने मला एक रीत लावून दिली. घेतलेले काम पुरे झाले की पुढच्या गुरुवारी ते करणाऱ्याने उठायचे, माझी दोरी ओढायची आणि एक टोला द्यायचा. भाषण नाही, हार नाही. काम राहिले असेल तर त्याने आपल्या जागी बसून राहायचे. कुणी रागवत नसे, पण टोल्याविना बसून राहणे भल्याभल्यांना जड जाई. कधी सकाळी नऊ-नऊ टोले पडत. मी किती मिरवत असे म्हणून सांगू! माझा एकही टोला खोटा नव्हता.

मला सांभाळायचे काम रामदासकडे होते. सभा सुरू करताना तोच मला वाजवी, आणि चिंच लावून घासायचे तर तो दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नसे. त्याची बायको गेली, मुलगा गजेंद्र कडोदऱ्याला नोकरीला लागला आणि तिकडेच राहिला. त्यानंतर रामदासचे घासणे वाढले. दर वर्षी तो मला पूर्वीपेक्षा जोरात वाजवू लागला. मला वाटायचे, एकट्या माणसाची माया आहे, हातातून उतरते आहे. किती मूर्ख मी! इतक्या जवळ असून मला कळले नाही की त्याला मी ऐकूच येईनाशी झाले होते.

त्याने ते कुणाला कळू दिले नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायचे, सगळे हसले की हसायचे, सगळ्यांनी माना हलवल्या की मान हलवायची. कारखान्यात तर सगळेच हाताने बोलतात, तिथे कुणाला संशय येणार? सभेत मी वाजले हे तो लोकांचे चेहरे गप्प झालेले पाहून ओळखायचा. हळूहळू त्याने कुणाला काही विचारणेच टाळले. विचारायचे म्हणजे उत्तर ऐकावे लागते.

एव्हाना मंडळही आटले होते. अर्धे लोक गावी परतले, काहींची मुले म्हणाली, फोनवर ग्रुप आहे ना, मग जिना कशाला चढायचा? गुरुवारी आठ-दहा माणसे जमत. चिटणीस होती योगिता, साडीच्या दुकानात कामाला जाणारी, चोवीस वर्षांची चुणचुणीत मुलगी. वही तिच्याकडे, फोन तिच्याकडे, आणि निम्मे मंडळही तिच्याच जिवावर.

मागच्या वर्षी मंडळाने मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अकरा जणांची नावे लावली. त्यात धुरपदाबाई होती. साड्यांचे सुटे धागे कापून देण्यात तिचे आयुष्य गेलेले, आणि आता तिला धागाच दिसत नव्हता. माणूस जवळ आला तर सावली हलल्यासारखे दिसे, बस. तिच्या हातचे काम बंद पडले होते, आणि काम नाही तर सुनेच्या घरी गावाला जाऊन राहायचे, असे मुलाने तिला बजावले होते. तिला सुरत सोडायची नव्हती. तिची सगळी भिस्त त्या ऑपरेशनवर होती. मंगळवारी पहाटे सहाला तिला खोलीतून घेऊन कोपऱ्यावर येणाऱ्या दवाखान्याच्या बसपर्यंत पोचवायचे काम रामदासने घेतले.

मंगळवारी काय झाले ते मला नंतर कळले. रामदास वेळेवर गेला. त्याने कडी वाजवली, हाकही मारली. आतून काही उत्तर आले नाही, असे त्याला वाटले. त्याने पुन्हा कडी वाजवली. शेवटी त्याने समजूत करून घेतली की योगिता आधीच येऊन म्हातारीला स्कूटरवर घेऊन गेली असणार. सातची पाळी होती, तो कारखान्यात निघून गेला. कोपऱ्यावर बस दहा मिनिटे थांबली. योगिताने फोन केला, तो त्याच्या खिशात लूमच्या आवाजात वाजत राहिला. डॉक्टरांची वेळ ठरलेली, बस निघाली.

गुरुवारी सभा भरली. योगिताने वही उघडून वाचले, "अकरा जणांना न्यायचं होतं, दहा जणांची ऑपरेशनं झाली. धुरपदाआजी राहून गेल्या." खोलीतल्या सगळ्या माना रामदासकडे वळल्या.

रामदासने ते पाहिले. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हणजे आपली पाळी आली, असे त्याला वाटले. तो उठला, सदरा नीट केला, हसत हसत माझ्यापाशी आला आणि दोरी ओढून त्याने एक दणदणीत टोला दिला.

मित्रांनो, मला माझा आवाज आवरता येत नाही. एकदा निघाला की तो संपेपर्यंत मला तसेच लटकत राहावे लागते. तो टोला संपता संपेना. माझा पहिला खोटा टोला, आणि तोही रामदासच्या हातून.

बन्सीलाल ताडकन उठला. "रामदास, काही जनाची मनाची? म्हातारी राहिली आणि तू घंटा वाजवतोस?"

रामदास अजून हसतच होता. तेवढ्यात मागच्या भिंतीपासून धुरपदाबाईचा आवाज आला. शेजारणीचा हात धरून ती जिना चढून आली होती आणि दाराजवळच बसली होती. "भाऊ, मी आठेच शे. मना डोया बी शे तसाच शे. तू कडी वाजाडी, मी आतमधून सांगं, थांब भाऊ, लुगडं नेसी र्‍हायनू. दोन दाव सांगं. दार उघाडं तं तू नही. मी दुपारलोंग दारमा बठेल व्हतू."

ती रागावली नव्हती. ती फक्त काय झाले ते सांगत होती: थांब म्हणून तिने आतून दोनदा सांगितले, दार उघडले तर तो नव्हता, आणि ती दुपारपर्यंत दारात बसून राहिली. रामदास मात्र बन्सीलालच्या ओठांकडे बघत होता, आणि म्हातारी त्याच्या पाठीमागे होती. तो माझ्या शेजारी उभा राहून मान हलवत राहिला.

आधी योगिताच्या लक्षात आले. तिने वहीचे कोरे पान काढले, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि त्याच्या समोर धरले. "काका, आजी आतून बोलत होत्या. तुम्हाला ऐकू आलं नाही का?"

त्याने ते दोनदा वाचले. त्याचे हसू एकदम गेले नाही, थोडे थोडे गेले. मागे वळून त्याने धुरपदाबाईला पाहिले, मग सगळ्यांना. कोपऱ्यातल्या एका जुन्या कारागिराने शेजाऱ्याला विचारले, "काय लिहिलंय? काय झालं?" त्या शेजाऱ्यालाही धड ऐकू आले नव्हते. तेव्हा खोलीतल्या अर्ध्या माणसांनी खाली माना घातल्या. रामदासने मला हुकावरून काढले, खांद्यावरच्या रुमालात गुंडाळले आणि तो जिना उतरला. त्याला कुणी थांबवले नाही.

घरी त्याने मला फळीवर ठेवले. फळीवर त्याच्या बायकोचा फोटो होता, आणि तो आपला फोन तिथेच ठेवायचा. कपाटातून त्याने लाल सुताची एक लडी काढली आणि माझ्या लोलकाला वेढे घालू लागला. हलू नये, आपटू नये इतके वेढे घातले आणि तुटलेला धागा सांधतात तशी बारीक गाठ मारली. मग तो माझ्याशी बोलला. आवाज मोठा होता, कारण त्याला स्वतःचाही ऐकू येत नव्हता. "तू कधी खोटं बोलली नव्हतीस," तो म्हणाला. "मी तुला बोलायला लावलं."

मी एकटी पडले, असे म्हणू का? माझ्या जवळ तर माणूस होता. पण दोघे एका खोलीत असून एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीला वाजता येत नाही, त्याला काय म्हणायचे ते तुम्हीच सांगा. तो पाळीला जाई, येई, भाकर थापी, भिंतीकडे तोंड करून जेवी. माझ्या शेजारी फोन वाजे. त्याच्यावर गजेंद्रचे नाव उजळे. फोन वाजून वाजून थांबे, आणि चार हातांवर बसलेला बाप डाळ निवडत राही. असे किती वेळा झाले! मला ऐकू येत होते. माझ्या पोटात सगळा आवाज होता आणि तोंडात सूत.

पहिल्या गुरुवारी सकाळी मी दहा वाजण्याची वाट पाहिली. कुणी न्यायला आले नाही. दुसऱ्या गुरुवारीही तसेच झाले. तिसऱ्या गुरुवारी जिन्यावर पावले वाजली आणि मी ती ओळखली. बन्सीलाल होता, बरोबर योगिता होती.

"रामदास, अरे दार उघड! मी रागात बोललो, बाबा. चल आता!" बन्सीलालने कडी वाजवली, दारावर थापा मारल्या. रामदास दाराकडे पाठ करून माझ्यावरची धूळ पुसत होता.

"काका, चालो ने, मोडुं थाय छे!" उशीर होतोय, असे योगिता घाईत गुजरातीतच म्हणाली. तिला हाक मारताना रडू आले होते, ते मला आवाजातून कळले. त्याच्या हातातले फडके माझ्या अंगावरून फिरत राहिले.

"आत आहे, पण उघडत नाही. चिडलाय," बन्सीलाल म्हणाला. पावले जिना उतरून गेली. त्याला कमी ऐकू येते एवढेच त्यांना ठाऊक होते, काहीच येत नाही हे नव्हते. धुरपदाबाईच्या दारात जे झाले होते तेच इथे झाले, फक्त आता दार रामदासचे होते. आणि सुताशिवाय असते तरी मी वाजून काय केले असते? त्याला मीही ऐकू आले नसते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की वितळवून पुन्हा बुश केले तरी चालेल.

सात गुरुवार असे गेले. आठव्या गुरुवारी सकाळी रामदासने दूध आणायला दार उघडले, तर उंबऱ्यावर धुरपदाबाई बसलेली. काठी मांडीवर, पाठ चौकटीला. शेजारीण तिला उजाडताच सोडून गेली होती. तिने कडी वाजवलीच नव्हती.

"आक्का!" तो दचकून म्हणाला. "कधीपासून बसल्या?"

ती हसली. "बठानी माले सवय व्हई गई, भाऊ," असे म्हणून तिने हवेत हात फिरवत त्याचे मनगट शोधले आणि ते धरून ती आत आली. तिने त्याचे तोंड स्वतःकडे वळवून घेतले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितले की मंगळवारी पुन्हा डोळ्यांची बस आहे. योगिताने नाव लावले आहे. मुलगा गावाहून न्यायला आला होता, त्याला तिने पंधरा दिवस थांबवून धरले आहे. डोळा झाला नाही तर या वेळी तिला जावेच लागेल.

"तूच माले ली चाल," ती म्हणाली.

रामदासने मान खाली घातली. मग इतक्या वर्षांत जे त्याने कुणापुढे उच्चारले नव्हते ते तो म्हणाला. "आक्का, मला ऐकू येत नाही. काहीच ऐकू येत नाही."

"आनि माले दिखत नही," ती म्हणाली. "मी सांगाले लाजनू का? मंग तू काबरं लाजस?"

तो रडला. मोठ्याने रडला, आणि ते त्याचे त्याला कळलेही नसेल. म्हाताऱ्या बाईने त्याला रडू दिले. नंतर तिने विचारले, घंटा कुठे आहे? फळीवर चाचपडत तिचे हात माझ्यापर्यंत आले. लोलकावरच्या सुतावर तिची बोटे थांबली.

"हाई कोनी बांधं?" तिने विचारले, पण उत्तराची वाट पाहिली नाही. जन्मभर धागे कापलेली ती बोटे, त्यांना बघायला डोळे लागत नव्हते. तिने गाठ शोधली, नखाने सैल केली आणि एकेक वेढा उलगडत सगळे सूत सोडवले. लोलक हलला आणि मी हलकेच किणकिणले. आठ आठवड्यांनी. ते त्या दोघांपैकी फक्त तिने ऐकले.

सोडवलेले सूत तिने टाकले नाही. ते त्याच्यापुढे धरून तिने आपली युक्ती समजावली. मंगळवारी पहाटे हे लाल सूत ती दाराच्या फटीतून बाहेर लोंबते ठेवील. त्याने कडी वाजवायची आणि सुताकडे बघत राहायचे. ती आत जागी असली, आवरत असली, की सूत आत ओढून घेईल. सूत आत गेले म्हणजे ती येते आहे. त्याने कान लावायचाच नाही, फक्त बघायचे.

मंगळवारी सूत आत गेले. रामदासने ते नंतर मला स्वतः सांगितले, घासता घासता. तो म्हणाला, "पहिल्यांदा ओढलं, मग पुन्हा थोडं बाहेर सोडलं, पुन्हा ओढलं. म्हातारी खेळत होती माझ्याशी." त्याने तिला हाताला धरून बसपर्यंत नेले, पाळी बुडवली, आणि तिच्याबरोबर दवाखान्यातही बसला.

पुढच्या गुरुवारी त्याने मला रुमालातून नेऊन हुकावर अडकवले. त्या दिवशी तेरा माणसे आली होती. धुरपदाबाई काळा चष्मा लावून पुढे बसली. योगिताने वहीतून वाचले आणि वही उलटी करून रामदासलाही दाखवली. "धुरपदाआजींचं ऑपरेशन झालं."

रीतीप्रमाणे टोला रामदासचा होता. तो उठला नाही. "मागचा खोटा होता," तो म्हणाला. "आता मी देणार नाही. आणि दिला तरी मला कुठे कळणार?"

धुरपदाबाई उठली. या वेळी तिने शेजारणीचा हात धरला नाही, सरळ त्याच्यापर्यंत चालत गेली. तिने त्याला हाताला धरून माझ्यापाशी आणले, त्याचा उजवा तळवा उघडा करून माझ्या अंगावर पुरता टेकवला, आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली.

मित्रांनो, घंटेला कुणी हात लावून धरले की तिचा आवाज तिथेच मरतो. माझ्यातून नुसते 'ठप्प' झाले. मागच्यांनी एकमेकांकडे पाहिले. "वाजली का?" बन्सीलालने विचारले.

पण माझा सगळा नाद त्या तळहातात उतरला होता, मनगटातून वर कोपरापर्यंत गेला होता. रामदासने डोळे मिटले. त्याचा हात माझ्यावरून हलेना. "वाजली," तो म्हणाला.

त्या गुरुवारपासून हीच रीत झाली. टोला कुणाचाही असो, आधी रामदासचा हात माझ्यावर टेकतो, मग दोरी ओढली जाते. बन्सीलाल नि कोपऱ्यातला तो जुना कारागीरही आता हात लावून बघतात. माझा लांबवर जाणारा आवाज कुणी ऐकलेला नाही त्याला वर्ष होऊन गेले. खालची गिऱ्हाइके आता वर बघत नाहीत. मला त्या आवाजाची आठवण येते, खोटे कशाला सांगू? रोज येते. सभा संपून सगळे गेले की रिकाम्या खोलीत मी तो मनातल्या मनात वाजवून बघते.

तुमच्या घरात, गल्लीत कुणी उगाच हसत असेल, विचारल्यावाचून मान हलवत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. जवळ जा, त्याचे तोंड आपल्याकडे वळवून घ्या, हात धरा आणि पुन्हा एकदा सांगा. आणि कधी गुरुवारी सकाळी गोडादऱ्यात त्या गिरणीपाशी आलात, वरून घंटा ऐकू आली नाही, तर सभा नाही असे समजून परत फिरू नका. जिना चढून वर या. रामदासचा हात माझ्यावर असेल.